एक पोवळं कमी

पोशाखांची वही माझ्याकडे असते.
अठरा घागरे, लोकरीचे, आडव्या-उभ्या पट्ट्यांचे.
घागरा कसला, भरलेली घागरच ती.
नव्या मुली पहिल्या गिरकीला हेलपाटतात,
मग कधीतरी कळतं त्यांना
की फिरतो तो घेर,
आपण नुसतं मधोमध तग धरायचा.

त्या शनिवारी पिलिट्सा नदीकाठच्या एका गावात
बंबखान्याच्या सभागृहात प्रयोग होता.
विंग म्हणजे एक चादर.
चादरीमागे खुंट्यांवर आगीची शिरस्त्राणं, रबरी बूट,
आणि त्यांच्यात मी, तोंडात टाचण्या धरून.

आधी लुदोमिलाबाई गायल्या.
वय एक्याऐंशी, एकच कडवं, असं ठरलेलं.
ध्वनीवाल्या कायतानने माईक पुढे केला,
तो त्यांनी गांधीलमाशी हाकलावी तसा
हाताच्या मागच्या बाजूने सारला.
प्रेक्षकांकडे पाठच केली म्हणा ना,
तोंड बाजूच्या दाराकडे. दार उघडं.
बाहेर बटाट्याचं शेत आणि मिट्ट अंधार.
याला इकडे पांढरा आवाज म्हणतात:
घशाला कुठेच दार नाही,
पलीकडच्या काठावर गुरं वळणाऱ्याला
जेवायला ये म्हणून सांगावं, तसा.
पलीकडून एक कुत्रं भुंकलं.
लोक हसले.
मग पुन्हा भुंकलं, आणि कुणी हसलं नाही.

मग ओबेरेक.
तीन मात्रा, जोड्यांचं चाक, टाचांचा कडकडाट.
हाल्श्काच्या गळ्यातली माळ तुटली.
दुपारी मीच ओवली होती, जुन्या दोऱ्यात, घाईघाईत.
पोवळी लाकडाचीच, तांबडा रंग दिलेली;
खऱ्यांच्या एका माळेला म्हणे गाय जायची.
पण फळ्यांवर सांडताना आवाज मात्र
गाय गेल्यासारखाच झाला माझ्या पोटात.

कुणी थांबलं नाही.
गेर्वाझी गुडघ्यावर टेकला, हाल्श्का त्याच्याभोवती फिरली,
त्याच्या उंच बुटाचं तोंड आ वासून होतं,
त्यात एक पोवळं गेलं. मी पाहिलं.

तो उठला आणि लंगडायला लागला.
दुसरी मात्रा त्याच्या पायाला उशिरा पोचायची.
विंगेत झ्जिस्वावाबाई मूठ आपटून मोजत होत्या,
एक-दोन-तीन, एक-दोन-तीन,
नऊ वर्षं त्यांनी हा नाच इस्त्री करून ठेवलेला.

तेव्हा म्हाताऱ्या तेओफिलने मान वर केली.
व्हायोलिनचा गज हवेत धरला,
पोराचा पाय टेकेपर्यंत वाट पाहिली,
मग खाली आणला.
ढोलकऱ्याने एकदा त्याच्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं
आणि म्हाताऱ्याची बाजू घेतली.
सगळं चाक एका अंगाला कललं,
एक आरा मोडलेल्या गाडीसारखं,
पडेल पडेल म्हणताना पुढेच जाणारं.

तिसऱ्या रांगेत काठी घेऊन बसलेला कुणी
काठी बाकावर ठेवून उभा राहिला.
"अस्सं!" एवढंच म्हणाला,
कुणावर तरी रागावल्यासारखा.

नंतर, कोबीच्या वाफेत, कागदी बशा हातात,
झ्जिस्वावाबाई म्हणाल्या, पुन्हा असं चालायचं नाही.
दोन घास खाऊन म्हणाल्या,
पण पाऊल कुठलं होतं ते?
गेर्वाझी म्हणाला, माहीत नाही.
तेओफिल गजाला राळ घासत होता,
म्हणाला, माझा बाप असाच नाचायचा,
आणि त्याचे दोन्ही पाय धड होते.

मी टॉर्च घेऊन रांगत पोवळी वेचली.
छप्पन्न.
हवी होती सत्तावन्न.

आता प्रत्येक प्रयोगाआधी
गेर्वाझी माझ्या डब्यापाशी येतो,
सुईदोरा मागतो, हवापाण्याचं बोलतो.
तो गेल्यावर मी झाकण लावते.
वहीत लिहिते, तारीख, गाव,
घागरे अठरा, बूट नऊ जोड,
एक पोवळं कमी.